अल्गाँक्विनला पहिल्यांदा एकटीने: भाड्याची कॅनू, भाड्याचा तंबू आणि दोन रात्री

कॅनडात मिसिसागाला राहायला लागल्यापासून सहा उन्हाळ्यांत मी आणि नवरा कॅनू, म्हणजे वल्ह्याची लांबट अरुंद बोट, घेऊन अल्गाँक्विन उद्यानात गेलो. सहाही वेळा तो मागच्या बाकावर होता आणि मी पुढच्या. कॅनूत बोट वळवायचं काम मागच्या माणसाचं असतं, पुढच्याने फक्त वल्हं मारायचं. यंदा मार्चमध्ये त्याच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. जंगलातल्या मुक्कामाचं आरक्षण पाच महिने आधी उघडतं, म्हणजे सप्टेंबरचा परवाना एप्रिलमध्ये काढायला हवा होता. तेव्हा त्याचा हात गळ्यात अडकवलेला होता. मी म्हटलं, यंदा राहू दे. तो म्हणाला, "अगं, खांदा माझा दुखतोय, तुझा नाही. तू जाऊन ये."

मी गेले. सप्टेंबरच्या मध्यावर, तीन दिवस, दोन रात्री. त्यात मला काय मिळालं आणि काय कमी पडलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण निघण्यापूर्वी असं काही मराठीत वाचायला मिळावं असं मला फार वाटत होतं. सामान भाड्याने देणाऱ्या दुकानाचं नाव देत नाही. एका दुकानाला नावं ठेवायची नाहीत, तर एकट्याने जाणाऱ्या माणसाने काउंटरवरून हलण्यापूर्वी काय तपासावं हे सांगायचं आहे. ही सगळी व्यवस्था दोन माणसं गृहीत धरून उभी राहिलेली आहे. बोट, जेवणाचं सामान ठेवायचा पिंप, तंबू, दोरी, सगळं दोघांच्या मापाचं. एकट्या माणसाला त्यातलं काय चालतं आणि काय चालत नाही, हे मला पाण्यात उतरल्यावर कळलं.

आधी जागेविषयी थोडं. अल्गाँक्विन हे ऑन्टारिओतलं प्रांतिक उद्यान, १८९३ सालचं. साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठं, म्हणजे आमच्या रत्नागिरी जिल्ह्याहून जरासं लहान. त्यातून ६० नंबरचा एक हमरस्ता दक्षिणेच्या बाजूने ५६ किलोमीटर जातो. बाकी तळी, नद्या आणि जंगल. एका तळ्यातून दुसऱ्यात जायला पाण्याची वाट नसेल तिथे बोट आणि सामान खांद्यावर घेऊन चालायचं, त्या पायवाटेला पोर्टेज म्हणतात. झाडावर पिवळी पाटी असते, त्यावर मीटरमध्ये अंतर लिहिलेलं. मी निवडलेली वाट नवशिक्यांसाठी सगळेच सुचवतात ती: कॅनू लेकपासून निघायचं, २९५ मीटरचं एकच पोर्टेज करून जो लेकमध्ये उतरायचं, तिथून टीपी लेक, लिटल ऑक्सटंग नदी, फॉन आणि लिटलडो ही लहान तळी, आणि शेवटी टॉम थॉमसन लेक. दोन्ही रात्री तिथेच मुक्काम. या वाटेवर आम्ही दोघं दोनदा गेलो होतो, त्यामुळे वाट नवीन नव्हती. नवीन होतं ते मागचं बाक.

मिसिसागाहून पहाटे निघाले, साडेतीन तासांत पोचले. दुकानात माझ्या नावाची यादी तयार होती, हे चांगलं. पण मी एप्रिलपासून सोलो कॅनू राखून ठेवली होती, आणि यादीवर लिहिलं होतं १६ फुटी, दोन माणसांची. काउंटरवरच्या मुलाने सांगितलं की सोलो बोट दोन दिवसांपूर्वी दुरुस्तीला गेली. मला फोन किंवा ईमेल का नाही, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. तो म्हणाला, "मोठी बोट आहे, उलट जास्त स्थिर." भाड्यातल्या फरकाचं परत आल्यावर बघू.

इथे मला थांबून हे सांगायलाच हवं, कारण याच एका गोष्टीवर माझे तीनही दिवस ठरले. मोठी बोट जास्त स्थिर, हे एकट्या माणसासाठी अर्धंच खरं आहे. १६ फुटी कॅनूत तुम्ही एकटे मागच्या बाकावर बसलात की वजन सगळं मागे जातं आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पाण्याबाहेर उचलली जाते. उचललेल्या नाळेवर वारा बसला की बोट वारा वाहत जातो त्या दिशेला फिरते, आणि मागे बसून तुम्ही कितीही जोर लावलात तरी ती वाऱ्याकडे तोंड करत नाही. केव्हलारची (मजबूत कृत्रिम धाग्याची) हलकी बोट असेल तर आणखीच. ती साधारण १९ किलोची असते, उचलायला वरदान, पण वाऱ्यासमोर तिचं काही चालत नाही. दोघं असतात तेव्हा पुढच्या माणसाचं वजनच नाळ खाली धरून ठेवतं. सहा वर्षं मी तेच काम करत होते आणि मला ते माहीत नव्हतं.

माझी सुटका धक्क्यावरच्या बाईंनी केली. साठीच्या असतील, हाताची कातडी उन्हाने तांबूस झालेली. त्यांनी मला एकटीला बोटीत चढताना पाहिलं आणि विचारलं, "सोबत कोण?" मी म्हटलं, कुणी नाही. त्यांनी मला उतरवलं, बोट उलटी फिरवली, आणि पुढच्या बाकावर मागच्या टोकाकडे तोंड करून बसायला सांगितलं. बोटीची दोन्ही टोकं जवळपास सारखीच, त्यामुळे मागचं टोक आता पुढचं झालं आणि मी बोटीच्या मध्याजवळ आले. माझी पाठपिशवी आणि पिंप त्यांनी माझ्यापुढे, अगदी नव्या नाळेपर्यंत सरकवून ठेवले. मग धक्क्यावर गुडघे टेकून बोट पाण्यावर कशी बसली आहे ते बाजूने पाहिलं. पिंप चार बोटं मागे घेतला. पुन्हा पाहिलं. "आता जा." पाच मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांनी माझी सहल वाचवली, आणि माझ्या मते या सगळ्या सेवेतली सर्वांत मोलाची वस्तू तीच होती. ती यादीवर लिहिलेली नव्हती आणि तिचे पैसेही कुणी घेतले नाहीत.

कायद्याने बोटीत जे असावं लागतं ते सगळं होतं: लाइफ जॅकेट, शिट्टी, पाणी उपसायचं भांडं, तरंगणारी १५ मीटर दोरी. लाइफ जॅकेट बायकांच्या अंगाचं मागितलं, मिळालं, आणि वल्हवताना काखेत घासलं नाही. कायदा ते बोटीत ठेवायला सांगतो. मी म्हणते अंगावर घाला, आणि एकटे असाल तर पहिला बंद लागल्याशिवाय धक्का सोडू नका.

कॅनू लेकच्या ईशान्येला हेहर्स्ट पॉइंट नावाचं टोक आहे. तिथे टॉम थॉमसन या चित्रकाराच्या आठवणीसाठी १९३० मध्ये रचलेला दगडांचा स्तंभ आहे. थॉमसन काही वर्षं या तळ्यांवर येऊन राहिला, वाटाड्याचं काम केलं, चित्रं काढली. ८ जुलै १९१७ ला तो याच तळ्यावर बोट घेऊन एकटा निघाला आणि आठ दिवसांनी त्याचा देह पाण्यात सापडला. वय ३९. पाण्यावर मुरलेला माणूस होता. आधीच्या सहलींत त्या टोकासमोरून जाताना आम्ही फोटो काढले होते. या वेळी मी वल्हं आडवं ठेवून थोडा वेळ नुसती बसले. मग जॅकेटचे तिन्ही बंद पुन्हा ओढून पाहिले.

लहानपणी आम्ही दाभोळच्या खाडीतून तरीने पलीकडे जायचो. पाण्याची भीती मला कधी नव्हती, पण सुकाणू नेहमी दुसऱ्याच्या हातात. बोट सरळ नेणं हे हातांना शिकवावं लागतं. उजवीकडे वल्हं मारलं की बोट डावीकडे वळते. दर वेळी बाजू बदलत बसलात तर मांडीवर पाणी सांडतं आणि दम जातो. म्हणून फटका संपता संपता पातं बोटीपासून बाहेर ढकलायचं, वरच्या हाताचा अंगठा खाली वळवत. पाण्यात इंग्रजी 'जे' अक्षर उमटतं, म्हणून तो जे-स्ट्रोक. मी तो घरी चित्रफिती पाहून आणि एका रविवारी क्रेडिट नदीच्या तोंडाशी घोटून आले होते. तरी कॅनू लेकच्या पहिल्या अर्ध्या तासात माझी बोट नागमोडी चालली. मग कधीतरी मी मोजायचं सोडलं आणि मनगट आपोआप वळायला लागलं. नाळेसमोर दूरवर एक वाळलेला पाइन धरला होता, तो जागचा हलेना. तो हलत नाही हे लक्षात आल्यावर मला एवढा आनंद झाला की मी मोठ्याने "हलत नाही!" असं मराठीत ओरडले. ऐकायला कुणी नव्हतं.

आता पोर्टेज. एकट्या माणसासाठी प्रत्येक पोर्टेज तिप्पट लांब होतं, हा हिशेब आधी करून ठेवा. सामान घेऊन जायचं, रिकाम्या हाताने परत यायचं, बोट घेऊन पुन्हा जायचं. २९५ मीटरचे ८८५ होतात. ही वाट रुंद आणि सपाट आहे, म्हणूनच पहिल्या खेपेला योग्य. बोट एकटीने डोक्यावर घेणं मला अशक्य वाटायचं, पण त्यात ताकदीपेक्षा क्रम जास्त आहे. बोटीच्या मध्याशी उभं राहायचं, जवळची कड धरून बोट मांड्यांवर ओढून घ्यायची, एक हात पलीकडच्या कडेला, गुडघ्याने एक ठोसा, आणि त्याच झोकात ती डोक्यावरून फिरवून जू खांद्यांवर बसवायचं. मधल्या आडव्या लाकडाला मी जूच म्हणते, बैलाच्या मानेवरचं तेच हे, त्याला दोन्ही खांद्यांसाठी गाद्या असतात. माझ्या बोटीच्या डाव्या गादीचा स्क्रू ढिला होता. सत्तर-ऐंशी पावलांवर ती गादी फिरली आणि लाकूड थेट मानेच्या हाडावर आलं. मी बोट झाडाच्या दोन फांद्यांमध्ये टेकवली, खालून बाहेर आले, आणि ओढणी घडी करून त्या जागी बांधली. पुढे चाललं, पण मानेवरचा काळानिळा डाग आठवडाभर होता. दुकानाची ही दुसरी चूक आणि मला पहिलीपेक्षा जास्त राग हिचा आला, कारण बोट रॅकवरून काढताना हाताने हलवून पाहिलं असतं तरी कळलं असतं. तुम्ही धक्क्यावरच दोन्ही गाद्या हलवून पाहा.

जो लेकला उतरल्यावर माणसांचा आवाज संपतो. कॅनू लेकवर लोकांची घरं आहेत, मोटरबोटी फिरतात. कॅनू आणि जो लेकमधल्या धरणाच्या पलीकडे त्यातलं फारसं ऐकू येत नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र इथून आगगाडी जायची. लाकूडसम्राट जे. आर. बूथ यांनी बांधलेली ती लाइन १८९६ मध्ये पुरी झाली, आणि जो लेकशी स्टेशन होतं. आज ते सांगितलं नाही तर कळणारही नाही, एवढं जंगल परत आलंय. जो लेकमध्ये एक फाटा पूर्वेला लिटल जो लेककडे जातो. नकाशा मांडीवर उघडा ठेवा, उत्तरेची वाट धरा. नदीच्या भागात पाणी उथळ, दोन्ही बाजूंना दलदल, आणि वळणं इतकी की वारा लागत नाही. एकटीला तो भाग सर्वांत सोपा गेला. टॉम थॉमसन लेकवर तीनच्या सुमारास पोचले.

परवाना तळ्याचा मिळतो, ठरावीक जागेचा नाही. किनाऱ्यावर झाडाला नारिंगी पाटी दिसली आणि जागा रिकामी असली की ती तुमची. लवकर पोचलं तर निवडता येतं. मला पश्चिमेकडे तोंड असलेली, उतरत्या कातळाची जागा मिळाली. त्या परवान्यात काय मिळतं ते ऐका: एक चुलीची जागा, तंबूपुरती सपाट माती, आणि मागे झाडीत थंडरबॉक्स, म्हणजे झाकणाची लाकडी पेटी, भिंती नाहीत. बस्स. आणि एक अख्खं तळं. एका माणसाच्या एका रात्रीचे पैसे मिसिसागात दोघांनी डोसा खाल्ल्यापेक्षा कमी पडतात. नियमही चोख आहेत, डबाबंद टिन आणि काचेच्या बाटल्या जंगलात न्यायच्याच नाहीत. त्यामुळे मी लोणचं आणि तूप दोन्ही प्लास्टिकच्या फिरकीच्या डब्यांत भरून नेलं होतं. तीन दिवसांत किनाऱ्यावर एकही फुटकी काच पाहिली नाही. उद्यानाच्या या व्यवस्थेला मी पाचपैकी पाच देते, आणि जास्त असते तर जास्त दिले असते.

तंबू दोन माणसांचा होता आणि इथे मात्र दोघांचं माप उपयोगी पडलं, पिशवी आत घेता आली. पण दुकानाने दिलेल्या खुंट्या मातीच्या होत्या आणि इथे माती चार बोटं, खाली कातळ. कोकणातला सडा आठवावा असा, फक्त जांभ्याऐवजी करडा, अभ्रकाने चमकणारा, फार फार जुना दगड. खुंटी आत जाईना. मग दोऱ्या लांबवून नारळाएवढ्या दगडांना गुंडाळल्या, वर दुसरा दगड ठेवला. पावसाळ्यात आमच्या पडवीला लावलेला प्लास्टिकचा कागद बाबा असाच दाबायचे. रात्री वारा आला, तंबू हलला नाही. कुणालाही हेच सांगेन: चार-सहा हात जादा दोरी मागून घ्या.

झोपायच्या पिशवीवर शून्य अंश लिहिलेलं होतं. पहाटे माझ्या छोट्या थर्मामीटरवर तीन अंश होते आणि मी आत सगळे कपडे घालून कुडकुडत होते. पिशवीवरचा मोठा आकडा बहुतेक वेळा आरामाचा नसतो, सहन होण्याच्या मर्यादेचा असतो, आणि बायकांना थंडी त्याआधीच वाजते. आतल्या चिठ्ठीवर आरामाचं तापमान वेगळं लिहिलेलं होतं, सहा अंश. मी ते धक्क्यावर वाचलं असतं तर दुसरी मागितली असती. दुसऱ्या रात्री पाणी उकळून जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरलं, मोज्यात घातली आणि पायाशी ठेवली. सकाळपर्यंत कोमट होती. झोप लागली.

जेवण मी घरचंच नेलं. दुकानाचे सुके पाकीट-जेवण दोघांच्या मापाचं, ते एकटीला संपत नाही, आणि उरलेलं अन्न जंगलात टाकायचं नाही. पहिल्या रात्री मेतकूट-भात आणि तूप, दुसऱ्या रात्री भाजलेल्या रव्याचा उपमा, मधल्या वेळेला तिखटमिठाच्या पुऱ्या. चुलीशेजारी बसून मेतकूट-भात खाताना समोर तळं गुलाबी होत होतं. पुन्हा कधी मेतकूट-भात तसा लागेल की नाही, सांगता येत नाही.

पण वास. इथे काळी अस्वलं आहेत, आणि जे काही वासाचं ते रात्री टांगून ठेवायचं, टूथपेस्टसुद्धा. जमिनीपासून चार मीटर उंच, खोडापासून दोन मीटर लांब, असा दंडक. दुकानाने ६० लिटरचा निळा पिंप दिला होता, चौघांना पुरेल असा, आणि सोबत पातळ नायलॉनची दोरी. दोघं असताना नवरा ओढायचा आणि मी पिंप खालून ढकलायची. एकटीने ओढताना ती दोरी तळव्यात रुतली, पिंप छातीच्या उंचीवर गेला आणि तिथेच राहिला. मी तो परत खाली सोडला. मग अन्नाचे दोन भाग केले, एक पिंपात आणि एक माझ्या स्वतःच्या गुंडाळायच्या पाणबंद पिशवीत, हातात वल्हवायचे मोजे घातले, आणि दोरी एका आडव्या काठीला गुंडाळून काठी धरून ओढली. दोन खेपांत दोन्ही वर गेले. अंधार पडायच्या आत हे करा, मला साडेसात झाले होते आणि शेवटची गाठ कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात मारली. एकट्या माणसाने ३० लिटरचा पिंप मागावा आणि जाड दोरी घरून न्यावी.

पाणी गाळायची गुरुत्वाकर्षणाची पिशवी उत्तम. फांदीला अडकवायची, नळी खालच्या पिशवीत, आपण दुसरं काम करत राहायचं. उपग्रहाचं संदेशयंत्रही वेगळं भाडं देऊन घेतलं होतं आणि त्याला मी पैसे वाचवायला सांगणार नाही. मोबाइलला तिथे रेंज नाही. यंत्र झाडाखाली ठेवलं तर संदेश अडकतो, पहिला संदेश मी तंबूतून पाठवला तो वीस मिनिटं तसाच राहिला. उघड्या कातळावर ठेवल्यावर लगेच गेला. नवऱ्याला मी मुक्कामाचं तळं, परतीची वेळ, आणि किती वाजेपर्यंत संदेश आला नाही तर फोन करायचा, हे सगळं कागदावर लिहून दिलं होतं. त्याने तो फ्रिजवर लावला होता.

पहिली रात्र मी घाबरले होते, ते लपवायचं कारण नाही. कातळाच्या खाली पाण्यात एकदम 'धप्प' आवाज झाला, कुणी मोठा धोंडा उचलून टाकावा तसा. मी उठून बसले. पुन्हा धप्प. अस्वल पाण्यात धोंडे टाकत नाही, हे मला कळत होतं, पण छातीची धडधड ऐकत नव्हती. शेवटी चेन उघडून दिवा मारला. पाण्यावर एक सरळ रेघ चालली होती, तिच्या टोकाला एक लहानसं डोकं. बीव्हर, पाण्यात घर करणारा, झाडं कुरतडणारा प्राणी. उजेड पडताच त्याने चपटी शेपटी पाण्यावर आपटली आणि बुडाला. तो मला घाबरून आपल्या मंडळींना सावध करत होता. मी दिवा विझवला आणि हळू आवाजात त्याला सांगितलं की मी दोनच रात्री आहे. त्यानंतर लून ओरडला. कॅनडाच्या डॉलरच्या नाण्यावर १९८७ पासून ज्याचं चित्र आहे तोच पक्षी, नाण्याला लोक त्याच्यावरूनच लूनी म्हणतात. त्याची लांब हाक एका सुरात वर चढते आणि तिथेच थांबते. तळ्याच्या दुसऱ्या टोकाकडून तशीच हाक परत आली. मी तंबूची चेन थोडी उघडीच ठेवली आणि ऐकत पडले.

दुसरा दिवस कुठेही न जाण्याचा ठेवला होता आणि तेच करायला हवं होतं. रिकाम्या बोटीत बसून तळ्याला एक फेरी मारली. सामान नसल्यामुळे नाळ पुन्हा उचलली गेली, तेव्हा पाणबंद पिशवीत दहा-बारा लिटर तळ्याचंच पाणी भरून पुढे ठेवलं. बोट लगेच शहाण्यासारखी वागली. ही युक्ती त्या बाईंनी सांगितली नव्हती, ती मला सुचली. किनाऱ्याचे मेपल लाल व्हायला लागले होते, अजून सगळे नाही, एखादीच फांदी. सप्टेंबरात काळ्या माश्या नसतात, डास नावापुरते. मे-जूनमध्ये एकटीने मी गेले नसते.

परतीच्या दिवशी दुपारी कॅनू लेकवर नैर्ऋत्येचा वारा सुटला, अगदी तोंडावर. पोर्टेज करून पाण्याशी आले तर लाटांवर पांढरा फेस दिसत होता. दोघं असतो तर गेलो असतो. मी बोट वर ओढली, उरलेल्या पुऱ्या खाल्ल्या आणि दीड तास बसून राहिले. फेस दिसेनासा झाल्यावर पश्चिमेचा किनारा धरला, काठापासून वीस-पंचवीस हातांवर, प्रत्येक टोकाआड थांबत थांबत. जाताना जे अंतर तासाभरात कापलं होतं त्याला सव्वादोन तास लागले. गुडघ्यांवर बसून वल्हवत होते, त्याने वजन खाली राहतं. एकदाच बोट फिरली, तेव्हा मी तिच्याशी भांडले नाही, वाऱ्याबरोबर किनाऱ्याला लागू दिली आणि पुन्हा निघाले. एकट्या माणसाने परतीच्या दिवसाला चार तास जादा धरावेत, आणि त्या दिवशी संध्याकाळी कुणालाही शब्द देऊ नये.

धक्क्यावर त्याच बाई होत्या. त्यांनी आधी मला पाहिलं, मग बोटीला. मी त्यांना ढिली गादी दाखवली. त्यांनी ती हाताने फिरवली, माझ्या मानेकडे पाहिलं, आणि खिशातून लाल फीत काढून जुवाला बांधली. ती बोट उचलून त्यांनी दुसऱ्या रॅकवर नेऊन ठेवली. काउंटरवर सोलो बोटीच्या भाड्यातला फरक आणि एका दिवसाचं भाडं परत मिळालं, मला दुसऱ्यांदा मागावं लागलं नाही. दुकानाला मी पाचपैकी साडेतीन देते. त्यातले दोन एकट्या त्या बाईंचे.

घरी आल्यावर नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर मला भाताचा डाव हातात घेऊन जे-स्ट्रोक करून दाखवायला लावला. अंगठा खाली वळतो की नाही हे तो बारकाईने बघत होता. त्याचा खांदा आता वरच्या फडताळापर्यंत पोचतो. पुढच्या सप्टेंबरला दोघांची बोट घ्यायची आहे. तो पुढे बसणार आहे.